रुग्णकक्षातील रात्र

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पोटात आग पडली की कोंडाही गोड लागतो आणि अंग शिणले की दगडाची उशीही पुरते, हा तिचा अर्थ. दिवसभर राबणाऱ्या धडधाकट माणसाच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी असेल. परंतु ज्याचे मन आजारी आहे त्याच्या बाबतीत ती साफ खोटी ठरते. त्याला मऊ गादी दिली तरी झोप लागेलच असे नाही. तरीही झोप ही आपोआप येणारी गोष्ट आहे, तिच्यासाठी वेगळी काही व्यवस्था करावी लागत नाही, ही समजूत आपल्या संस्थांच्या अंगी मुरलेली आहे. शाळांच्या बाबतीत ती समजूत शासनाने अलीकडे थोडीशी सोडली. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला आणि मुलांची झोप पुरी होत नाही हे त्याचे कारण सांगण्यात आले. मुलांची झोप हा शासकीय विचाराचा विषय होऊ शकतो, एवढे तरी त्यामुळे मान्य झाले. मग ज्या मुलामुलींची झोप आजारानेच हिरावून घेतली आहे आणि जी उपचारासाठी शासनाच्या छपराखाली निजतात, त्यांच्या रात्रीचा विचार कोणी करावयाचा, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

नागपुरात हा प्रश्न परका नाही. राज्यात नागपूर, पुणे, ठाणे आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे रुग्णालय १८६४ सालचे. त्याच्या नजीकच्या चौकाला नागपूरकर आजही सहजपणे ‘पागलखाना चौक’ म्हणतात, यावरून या आजाराकडे पाहण्याची जुनी दृष्टी किती चिवट आहे हे दिसून येते. याखेरीज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांतही मनोविकार विभाग आहेत. विदर्भाच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांच्या सीमाभागातून आईबाप आपल्या मुलांना घेऊन याच शहराची वाट धरतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला होता. त्यांपैकी फारच थोड्यांवर रुग्णालयात राहण्याची पाळी येते हे खरे. परंतु जी येतात ती आजार अगदी टोकाला गेल्यावरच येतात. दाखल होणाऱ्या अशा मुलाला डॉक्टर विचारतो तो पहिल्या काही प्रश्नांपैकी एक म्हणजे, झोप किती लागते? उत्तर बहुधा एकच असते. आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही.

झोप उडणे हे मनोविकाराचे केवळ लक्षण आहे, मूळ आजार बरा झाला की झोप आपसूक परत येईल, असे पूर्वी मानले जाई. आता तसे मानता येत नाही. उन्माद आणि नैराश्य यांच्या आलटून पालटून येणाऱ्या आजारात सलग दोनतीन रात्रींचे जागरण हे उन्मादाच्या झटक्याला निमित्त होऊ शकते, हे मनोविकारतज्ज्ञांच्या नित्य अनुभवाचे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत २६ विद्यापीठांतील ३,७५५ निद्रानाशग्रस्त विद्यार्थी सहभागी झाले होते. त्यांपैकी निम्म्यांना औषधाविना झोप सुधारण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. त्यांची झोप सुधारलीच, शिवाय इतरांविषयीचा अवाजवी संशय आणि भास होणे यांचेही प्रमाण घटले. ही घट थोडी होती, पण तिने कार्यकारणाची दिशा दाखविली. मन बिघडले म्हणून झोप जाते हे जितके खरे, तितकेच झोप गेल्याने मन बिघडते हेही खरे. चरकाने आहाराबरोबर निद्रेलाही शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले होते. ज्या देशाच्या वैद्यकाने हे इतक्या पूर्वी जाणले, त्या देशातील रुग्णालयांनी आहाराचा तक्ता भिंतीवर लावावा आणि निद्रेचा तक्ता कोठेच नसावा, ही विसंगती म्हटली पाहिजे.

तरुण रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचे जे द्रव्य स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते, ते किशोरवयात उशिराने स्रवते. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या निरोगी मुलालाही रात्री दहाच्या आत झोप येणे कठीण जाते आणि सकाळी लवकर उठणे जिवावर येते. हा आळस नव्हे, शरीरधर्म आहे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, असे निद्राशास्त्र सांगते. आता हे शरीर रुग्णालयाच्या वेळापत्रकात बसवून पाहावे. मोठ्या रुग्णालयांचा दिनक्रम रुग्णाच्या सोयीने नव्हे, तर स्वयंपाकघराच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांच्या सोयीने आखलेला असतो. रात्रीचे जेवण सायंकाळीच उरकते, गोळ्या वाटल्या जातात, खाटांवर पडण्याचा हुकूम होतो आणि उजाडण्यापूर्वी अंघोळीची हाक येते. प्रौढ रुग्ण यात कसाबसा सामावतो. सतरा वर्षांचा मुलगा मात्र नऊ वाजता आडवा होतो, बारापर्यंत तळमळतो, मध्यरात्री भुकेने कासावीस होतो आणि पहाटे गाढ झोपेतून उठविला जातो.

यातून होणारी हानी केवळ गैरसोयीची नाही. उपचाराचा सारा डोलारा नोंदींवर उभा असतो. रात्री ११ वाजता जागा असलेल्या मुलाची नोंद ‘झोपत नाही, अस्वस्थ’ अशी होते आणि गोळीची मात्रा वाढते. सकाळी तोच मुलगा पेंगुळलेला, प्रश्नाला उत्तर न देणारा असा दिसला की ‘उदासीन, सहभाग नाही’ अशी दुसरी नोंद होते. दोन्ही नोंदी प्रामाणिक असतात. परंतु पहिली त्याच्या वयाची असू शकते आणि दुसरी आदल्या रात्रीच्या गोळीची. त्यांतून आजाराचे जे चित्र तयार होते त्यात रुग्ण किती आणि वॉर्डाचे वेळापत्रक किती, हे कुशल डॉक्टरलाही सांगता येणार नाही. काही औषधांमुळे हातापायांत अशी चुळबुळ सुटते की रुग्णाला एका जागी पडून राहवत नाही. तीही चुळबुळ आजाराचीच समजली गेली, तर जे औषध कमी करावयाचे तेच वाढविले जाण्याचा धोका असतो. रात्र नीट राखली नाही तर निदानही गढूळ होते, ते असे.

मग रात्री वॉर्डात नेमके काय घडते? पहिली गोष्ट प्रकाशाची. देखरेखीच्या सोयीसाठी रात्रभर पांढऱ्या ट्यूबलाइट जळत ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. पांढऱ्या प्रकाशातील निळा अंश मेलाटोनिनचा स्राव सर्वांत अधिक रोखतो, हे आता निर्विवाद आहे. म्हणजे एका हाताने झोपेची गोळी द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने झोप हाकलणारा दिवा लावावयाचा, असा हा प्रकार होतो. दुसरी गोष्ट आवाजाची. लोखंडी दारांच्या कड्या, फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खाटा, पाळी बदलताना होणारी बोलणी, मध्यरात्री दाखल होणारा नवा रुग्ण, हे सारे एका लांबच लांब दालनात तीस-चाळीस कानांवर आदळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या कानावर पडणाऱ्या आवाजाला एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. परिचर्येच्या शिक्षणात त्यांचे नाव आदराने घेतले जाते; तेवढ्याच आदराने त्या प्रकरणाची आठवण रात्रपाळीत ठेवली गेली तर पुष्कळ काम होईल. तिसरी गोष्ट फेऱ्यांची. रुग्ण सुरक्षित आहे ना, हे पाहण्यासाठी ठराविक वेळाने बॅटरीचा झोत तोंडावर टाकला जातो आणि जो नुकता डोळा लागलेला असतो तोही उघडतो.

नागपूरच्या बाबतीत या यादीत उन्हाळ्याची भर घालावी लागते. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान अनुभवले होते. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर धग ओकत असताना ते उतरत नाही. शिवाय मनोविकारावरील अनेक औषधे शरीराची उष्णता राखण्याची आणि घाम येण्याची यंत्रणाच मंदावतात. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातील पाणी घामावाटे कमी झाले, तर रक्तातील लिथियमचे प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. तेव्हा मे महिन्यात मनोरुग्ण कक्षात कूलर चालू असणे, त्याच्या टाकीत पाणी असणे आणि रात्री प्यावयास गार पाणी खाटेजवळ मिळणे या चैनीच्या गोष्टी नव्हेत. नागपूर विभागात २०१६ पासून उष्माघात टाळण्यासाठी कृती आराखडा राबविला जातो. बंद दाराआड निजणाऱ्या आणि स्वतःहून उठून पंख्याखाली जाऊ न शकणाऱ्या माणसांचा त्यात अग्रक्रमाने विचार होणे उचित ठरेल. पावसाळ्यात हाच प्रश्न डासांच्या रूपाने उभा राहतो. मच्छरदाणीच्या दोऱ्या आत्मघाताचे साधन होऊ शकतात म्हणून मनोरुग्ण कक्षात ती बांधता येत नाही. अशा वेळी खिडक्यांना न फाटलेली जाळी असणे हाच उपाय उरतो, आणि जाळी ही औषधभांडाराच्या नव्हे तर बांधकाम खात्याच्या यादीत असते! रुग्णाची झोप अशी अनेक खात्यांच्या मधल्या जागेत हरवून जाते.

झोपेच्या गोळीचा येथे सरसकट निषेध करावयाचा नाही. तीव्र अवस्थेत ती प्राण वाचविते आणि केव्हा द्यावी हे ठरविण्याचा अधिकार डॉक्टरचाच आहे. परंतु गुंगी आणि झोप या दोन भिन्न अवस्था आहेत. काही गोळ्यांची शरीराला सवय जडते. मग तीच मात्रा पुरेनाशी होते आणि बंद केली की निद्रानाश दुपटीने उलटतो. विशी न गाठलेल्या मुलाला घरी पाठविताना त्याच्या हाती अशा गोळीची सवय देणे हा उपचाराचा शेवट म्हणता येणार नाही. दिवसा उजेडात हिंडणे, सकाळी थोडा खेळ किंवा कवायत, दुपारी दीर्घकाळ न लोळणे, सायंकाळनंतर चहा टाळणे, रात्री मंद प्रकाश आणि रोज उठण्याची एकच वेळ, ही झोपेची खरी सामग्री आहे. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती नियमाची आणि माणसांची शिस्त.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. मनोरुग्ण कक्षात रात्र ही धोक्याची वेळ असते. ज्या तरुणाने चार दिवसांपूर्वी विष घेतले किंवा गळफास लावून घेतला, त्याला शांत झोपू द्या असे म्हणून परिचारिकेने पाठ फिरवावी काय? झोपेच्या औषधाने श्वास मंदावला तर जबाबदार कोण? रात्रपाळीला माणसे आधीच अपुरी. अनर्थ घडला तर चौकशीला तोंड त्यांनाच द्यावे लागते. हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यावरील नजर क्षणभरही ढळता कामा नये. परंतु प्रश्न नजरेचा नसून सरसकटपणाचा आहे. उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसराच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेने काही वॉर्डांत याच कोड्याला हात घातला. प्रत्येक रुग्णाला दर तासाला तपासण्याऐवजी कोणाला त्याची खरोखर गरज आहे हे डॉक्टर व परिचारिका यांनी मिळून रोज ठरवावे, आणि ज्यांना गरज नाही त्यांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत न उठविता झोपू द्यावे, अशी ती पद्धत होती. यामुळे सुरक्षिततेशी तडजोड होत नाही. उलट चाळीस जणांना उगाच जागविण्यात जाणारा वेळ ज्या चार जणांना खरा धोका आहे त्यांच्याजवळ बसण्यात घालविता येतो. शिवाय धोक्यात असलेल्याचा श्वास पाहण्यासाठीही तोंडावर झोत टाकावा लागत नाही. पायाच्या बाजूने मंद प्रकाशात क्षणभर थांबून छातीची हालचाल पाहता येते.

प्रकाशाच्या बाबतीतही जगात प्रयोग झाले आहेत. इटलीत मिलान येथे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याच्या काही रुग्णांचा मुक्काम पूर्वेकडील, सकाळचे ऊन येणाऱ्या खोल्यांत पश्चिमेकडील खोल्यांपेक्षा सरासरी साडेतीनहून अधिक दिवसांनी कमी भरला. नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील सेंट ओलाव्ह रुग्णालयात तर तीव्र मनोविकाराच्या विभागात सायंकाळनंतर निळा अंश वगळलेला प्रकाश वापरून पाहण्यात आला. त्यामुळे रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु रुग्णांच्या प्रकृतीत अधिक सुधारणा दिसली आणि आक्रमक वर्तन कमी आढळले. प्रकाश बदलला की आजार पळतो असा दावा कोणी करीत नाही. मात्र पूर्वेची खिडकी उघडी ठेवणे आणि रात्री पांढऱ्याऐवजी मंद पिवळा दिवा लावणे यासाठी नॉर्वेची श्रीमंती लागत नाही. नागपूरला ऊन तर निसर्गाने भरभरून दिले आहे. सकाळी साडेसात-आठच्या आतले ते ऊन या मुलांच्या वाट्याला यावे, एवढेच पाहावयाचे आहे.

कायद्याचा विचार करता शासनाला वेगळा अधिकार शोधण्याची गरज नाही. १९१२ चा कायदा ‘वेड्यां’चा होता, १९८७ चा रुग्णांचा झाला आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, तो हक्कांची भाषा बोलतो. त्याच्या ८७ व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. त्याचे वय आणि वाढ यांची गरज ध्यानात घेणारे वातावरण त्याला मिळाले पाहिजे आणि ते अन्य आजारांसाठी दाखल झालेल्या मुलांना मिळते त्याहून कमी प्रतीचे असता कामा नये. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा त्याने नेमलेली व्यक्ती सर्व काळ सोबत राहील आणि मुलीजवळ स्त्रीच राहील, असेही तेथे म्हटले आहे. वाढीच्या वयाची सर्वांत मोठी गरज झोप ही असेल, तर या कलमाच्या शब्दांत ती आलीच. राहिला आहे तो तिचा रात्रीच्या नियमात अनुवाद. गडचिरोलीहून आलेला बाप मुलाच्या खाटेखाली फरशीवर पंचा अंथरून रात्र काढीत असेल, तर त्याच्याकडून दिवसा कोणत्या आधाराची अपेक्षा करावयाची? त्याच्या निजण्याची सोय हीही त्या मुलाच्या उपचाराचीच बाब आहे. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांचे काय? अठराव्या वाढदिवशी शरीराचे घड्याळ बदलत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला कायद्याने वेगळा वॉर्ड मिळत नसला, तरी निदान दालनाचा एक शांत कोपरा देण्यास कोणतेही कलम आड येत नाही.

याच कायद्याने नोंदणीकृत मानसिक आरोग्य संस्थांची दर तीन वर्षांनी तपासणी करण्याचे बंधन घातले आहे आणि तपासणाऱ्यांत स्थानिक समाजाचे प्रतिनिधी असू शकतात. आजवरच्या रीतीप्रमाणे तपासणी दिवसा होते. स्वच्छ चादरी दिसतात, नोंदवह्या दिसतात, भिंतींना नुकताच दिलेला चुना दिसतो. यापुढे अशी प्रत्येक तपासणी एकदा तरी रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात व्हावी. किती दिवे जळतात, किती आवाज होतो, किती जण जागे आहेत आणि ते का जागे आहेत, याची लेखी नोंद अहवालात असावी. तरुण रुग्णांसाठी न उठविण्याचे निश्चित तास ठरवावेत आणि ज्याला त्यांतून वगळावयाचे त्याचे कारण केसपेपरवर लिहावे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दीर्घ अंतर पडत असेल तर झोपण्यापूर्वी कपभर दूध किंवा थोडे खाणे द्यावे. किती तास पडून होता हे न लिहिता किती तास झोपला हे लिहावे आणि सकाळी खुद्द रुग्णाला विचारून लिहावे. रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या वाढविल्याशिवाय यातील काहीच टिकणार नाही, हेही शासनाने स्वच्छपणे मान्य करावे. त्यांच्या थकव्यावर इतरांची झोप उभी करता येत नाही.

अखेर हा मुलगा किंवा मुलगी घरी येते, पुन्हा शाळेत वा महाविद्यालयात जाऊ लागते. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून बसते. शिक्षकाला ती बेपर्वाई वाटते, शेजारपाजाऱ्यांना आजाराचे उरलेले चिन्ह. बहुधा ते औषधाचे आणि अपुऱ्या झोपेचे ओझे असते. पहिला तास काही महिने माफ करणारे मुख्याध्यापक, परीक्षेच्या तोंडावर रात्रभर जागण्याचा आग्रह न धरणारे आईबाप आणि आजारातून उठलेल्या मित्राला मध्यरात्री दूरध्वनीवर गप्पांत न गुंतविणारे सोबती, यांची गरज त्याला डॉक्टरइतकीच असते. पहिल्या तासाची सवलत हे काही दयेचे दान नव्हे. पाय मोडलेल्या मुलाला कुबडी घेऊन वर्गात येऊ देण्यासारखीच ती साधी सोय आहे.

चौथीपर्यंतच्या मुलांसाठी शाळेची घंटा उशिरा वाजविण्याचा निर्णय ज्या शासनाने घेतला, त्याच शासनाच्या मनोरुग्ण कक्षांत आज रात्री काही मुले छताकडे पाहत पडलेली असतील. त्यांच्या वतीने कोणी मोर्चा काढणार नाही. त्यांचे आईबाप तर आपले मूल तेथे आहे हे नातलगांनाही सांगत नाहीत. म्हणूनच हा विषय त्यांनी मागावा म्हणून थांबण्याचा नाही. दिवे मंद करण्याचा आणि विनाकारण न उठविण्याचा आदेश काढण्यास विधिमंडळाची संमती लागत नाही, अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. रुग्णालयाच्या अधीक्षकाच्या एका सहीने तो आजही निघू शकतो. माणसे आणि कूलर यांसाठी निधी द्यावा लागेल, तो शासनाने पुढील उन्हाळ्यापूर्वी द्यावा.